रिकाम्या गाडीचं वजन

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा देवावर किती विश्वास आहे मला ठाऊक नाही, पण काट्यावर मुळीच नाही. कुठलाही काटा दिसला की त्या त्याच्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहतात. दुकानदार साखर तोलत असला तर यांची नजर साखरेवर नसते, त्याच्या करंगळीवर असते. घरी वजनाचं यंत्र आणलं तेव्हा त्यावर पाय ठेवायच्या आधी त्यांनी पिठाची सीलबंद पिशवी ठेवून पाहिली. पिशवीवर छापलेलं वजन आणि यंत्रावरचा आकडा जुळला, तरी समाधान नाही. "पिशवीवाला तरी खरं छापतो कशावरून?" म्हणाल्या.

यात त्यांचा फारसा दोष नाही, नोकरीच तशी. भंगाराच्या मोठ्या वखारीत त्या वजनकाट्यावर बसतात. जमिनीत बसवलेला लोखंडी पाट, अख्खा ट्रक वर उभा राहील एवढा. शेजारी काचेची केबिन, आत एक टेबल, आकडे दाखवणारा पडदा, पंखा आणि जाऊबाई. अंगात वखारीचा खाकी शर्ट. ड्रायव्हर त्यांना तोंडावर काटेबाई म्हणतात आणि पाठीमागे नुसतं काटा.

काम ऐकायला सोपं आहे. भंगार भरलेली गाडी आली की तिचं एक वजन करायचं. माल उतरवून ती परत आली की रिकाम्या गाडीचं दुसरं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की माल किती ते कळतं. सगळी लबाडी या वजाबाकीत असते. भरल्या गाडीच्या वेळी सीटखाली माणूस झोपवायचा आणि रिकामी आणताना त्याला चहाला पाठवायचं. येताना पाण्याचे कॅन भरून आणायचे, आत गेल्यावर ओतून टाकायचे. एका ड्रायव्हरने तर स्वतःच्या सासऱ्याला ताडपत्रीखाली घातलं होतं. म्हातारा शिंकला म्हणून सापडला, नाहीतर लोखंडाच्या भावात गेला असता.

"भरल्या गाडीकडे सगळेच बघतात गं," जाऊबाई मला सांगायच्या. "खोटं असतं ते रिकाम्या गाडीत."

म्हणून प्रत्येक रिकाम्या गाडीभोवती त्या स्वतः फेरी मारतात. चाकं पाटावर नीट आहेत ना बघतात, टाकीवर टिचकी मारतात, मागे लटकणाऱ्या जादा चाकावर, म्हणजे स्टेपनीवर, थाप मारतात. मग केबिनमध्ये येऊन बटण दाबतात. सगळ्या वखारीचा माल त्यांच्या त्या एका थापेवर अवलंबून असतो असं मालक म्हणतो, आणि मालक कुणाचं फुकट कौतुक करणारा नाही.

तर या बाईंना लहानपणापासून मधुमेह. गोळ्यांवर भागणारा नव्हे, इन्सुलिनच्या सुईचा. जेवायच्या आधी त्या पेनासारख्या दिसणाऱ्या सुईचं टोक फिरवायचं, टिक टिक टिक असा आवाज व्हायचा, आणि पोटात टोचायची. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून जेवणाच्या आधी तो आवाज ऐकत आले आहे. आमच्या घरात भांड्यांच्या आधी सुई वाजते.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी त्यांना मूल नव्हतं. आधी त्यांनीच नको म्हटलं, मग हवं झालं तेव्हा वय पुढे सरकलेलं. माझी दोन्ही मुलं त्यांच्या मांडीवर वाढली. त्यांना हवंय हे त्या कधी बोलल्या नाहीत, पण माझ्या धाकट्याची लहान झालेली झबली मी कुणाला द्यायला काढली, की ती दुसऱ्या दिवशी पिशवीतून गायब व्हायची आणि त्यांच्या कपाटात तळाशी सापडायची. मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात.

शेवटी त्यांनी डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि सोबत मला नेलं. भाऊजींना नाही नेलं, कारण "ते डॉक्टर सांगेल त्याला हो म्हणतील". माझं म्हणणं, त्यांना कुणीतरी भांडायला हवं होतं.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, "दिवस जायच्या आधी दोन गोष्टी खाली यायला हव्यात, साखर आणि वजन. मधुमेह आहे आणि त्यात आधीपासून वजन जास्त, तर पुढे रक्तदाब चढायची भीती असते. बाळ नको तेवढं मोठं होतं, बाळंतपण अडतं. आणि साखर चढलेली असताना दिवस गेले तर त्याहून वाईट. बाळाचं हृदय, मणका हे पहिल्या काही आठवड्यांतच घडतं. तुम्हाला कळायच्याही आधी. म्हणून मी सांगेपर्यंत दिवस न जाण्याची गोळी बंद करायची नाही."

जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वजन किती?"

"अहो, आधी साखर..."

"साखरेचं कळलं. वजन किती हवं ते सांगा."

डॉक्टरीणबाईंनी एक आकडा सांगितला. तो मात्र जाऊबाईंनी डोक्यात खिळ्यासारखा ठोकून घेतला. मग त्या उठल्या, पर्समधून पिठाची पिशवी काढली आणि दवाखान्याच्या काट्यावर ठेवून पाहिली. नर्स बघतच राहिली. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

"रक्त द्यायला खाली जायचंय," मी आठवण केली.

"पुढच्या वेळी."

"का?"

"नळीत भरतात आणि आत घेऊन जातात. आत काय करतात कुणी पाहिलंय? काटा निदान डोळ्यांसमोर असतो."

पुढची वेळ काही आली नाही. कधी गाड्यांची रांग होती, कधी पोट रिकामं नव्हतं, कधी रक्त काढणारा माणूस त्यांना बेरकी वाटला. ठरलेलं वजन झाल्यावरच डॉक्टरांना तोंड दाखवायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

आणि वजन उतरायला लागलं. भराभर. सासूबाईंना आधी आनंद झाला, मग शंका आली. "ही बाहेर उपाशी राहते की काय?" त्या मला स्वयंपाकघरात विचारायच्या. मग जाऊबाई मला गाठून विचारायच्या, "आई काय कुजबुजत होत्या?" मी मध्ये. इकडून आड, तिकडून विहीर.

मी घरी शिवणकाम करते. वखारीचे शर्ट त्या माझ्याकडे आत घ्यायला आणून टाकायला लागल्या. एक झाला, दुसरा झाला, मग पहिला पुन्हा. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. वजन उतरवणाऱ्या पुष्कळ बायांचे कपडे मी आत घेतले आहेत. बहुतेकींचं आधी पोट सैल होतं. यांचे खांदे उतरले होते, दंड सुकले होते, गळ्याची हाडं वर आली होती. आणि जेवण तर व्यवस्थित चाललेलं, उलट पूर्वीपेक्षा जास्तच. खाल्लेलं जातं कुठे? मी शिवण आत घेतली, पण वरचं कापड कापलं नाही. का, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

शिवाय त्या सारखं पाणी पीत होत्या. माठाशी गेलं की जाऊबाई तिथे उभ्या. न्हाणीघराला सतत आतून कडी. दुपारी घरी असल्या तर बसल्या जागी डोळे मिटायच्या. कधी मळमळतंय म्हणायच्या. एकदा माझ्या कानाशी बोलायला वाकल्या तर तोंडाला जास्त पिकलेल्या फळांसारखा वास.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, असं मला वाटलं. दिवस गेले होते! डॉक्टरांनी नको म्हटलं असताना गेले होते, आणि बाई आमच्यापासून लपवत होत्या. मला रागच आला. माझ्या दोन्ही वेळी मी सगळ्यात आधी त्यांना सांगितलं होतं, नवऱ्याच्याही आधी. आणि मला काय, तर फक्त शर्ट आत घ्यायला. पण राग चढला की दुसरी शंका यायची, दिवस गेलेल्या बाईचा शर्ट सैल कसा होतो? कुठेतरी पाणी मुरत होतं, पण कुठे ते कळेना.

एके दिवशी दुपारी आत घेतलेला शर्ट आणि त्यांचा डबा घेऊन मी वखारीत गेले. म्हटलं, आज तोंडावर विचारायचं. पण मी पोचले तेव्हा त्यांची एका ड्रायव्हरशी जुंपली होती. जाड मिशांचा, चांगला धिप्पाड माणूस. गाडी रिकामी करून तो पाटावर घेऊन आला होता आणि मागची स्टेपनी गायब होती.

"येताना होती," जाऊबाई म्हणाल्या.

"आहे ना बाई, वखारीतच आहे. पंक्चर काढायला ठेवलीये."

"पंक्चर? न वापरलेल्या चाकाला?"

"राहू द्या की बाई. एका चाकाने काय होतंय?"

"हे बघ," जाऊबाईंनी केबिनच्या काचेवर बोट आपटलं. "रिकामी गाडी म्हणजे काय? गाडीच्या अंगाचं जे जे आहे ते सगळं. टाकीतलं डिझेल, चाकं, स्टेपनी. ते काढून ठेवलंस आणि आकडा खाली आला, तर गाडी हलकी झाली नाही. तू चोरी केलीस. जा, लावून आण."

तो मिशीतल्या मिशीत पुटपुटत गेला. जाऊबाई खुर्चीत टेकल्या. धाप लागली होती. मी डबा पुढे केला. त्यांनी ड्रॉवरमधून सुईचं पेन काढलं, माझ्याकडे पाठ केली आणि टोक फिरवलं.

टिक. टिक.

एवढंच. मग टोचल्याची हालचाल आणि पेन परत ड्रॉवरमध्ये.

मी तो आवाज वर्षानुवर्षं ऐकला होता. भात कुकरमधून काढून ताटात पडेपर्यंत तो चालायचा. आणि आज पुऱ्या जेवणाला दोनच टिक?

"ताई," मी म्हटलं, "आज सुई इतकीच?"

"पुरते."

"वजन कमी झालं म्हणून डॉक्टरांनी कमी केली?"

त्या डब्याचं झाकण उघडायला लागल्या.

"डॉक्टरांना विचारलंत का?"

"दवाखान्याच्या बाकावर एक बाई म्हणाली, सुई अंगाला लागते. तिची सुई वाढवली तसं वजन वाढलं. मी करून पाहिलं. खरं आहे. कमी घेतली की काटा खाली येतो. रोज येतो. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी." त्यांचा आवाज चढला होता. "आता थोडंच राहिलंय. त्या आकड्याला पोचले की झालं."

"आणि गोळी?"

"या महिन्यात बंद केली."

"ताई, तुम्ही स्टेपनी काढून वजन करताय."

त्या उठून उभ्या राहिल्या. "तुला काय गं? तुझी दोन झालीत. घर भरलंय तुझं. मला होऊ नये असंच वाटतं ना तुला? मला मूल नसलं की घरात तुझीच मुलं लाडाची राहतील."

हे ऐकून मी निघून गेले असते तर माझं काही चुकलं नसतं. पण मला भयंकर राग आला होता, आणि राग आला की मी जात नाही, उलट अडून बसते. "यंत्र काढा," मी म्हटलं. "भाऊजींनी आणलेलं, थेंबावर साखर सांगणारं. ड्रॉवरमध्येच आहे, मला माहीत आहे."

"ते खोटं दाखवतं. पट्ट्या जुन्या झाल्यात."

"सकाळी काट्यावर काय ठेवता तुम्ही?"

"लोखंडी ठोकळा. ठरलेल्या वजनाचा. काटा खरा आहे ना बघायला."

"मग आधी मला टोचा. मला मधुमेह नाही. माझा आकडा नीट आला तर यंत्र खरं. मी तुमचा ठोकळा."

स्वतःचीच पद्धत त्यांना नाकारता येईना. त्यांनी माझं बोट धरलं आणि टोचलं, जरा गरजेपेक्षा जोरातच. माझा आकडा आला, अगदी जसा यावा तसा. त्यांनी तो दोनदा वाचला. मग नवीन पट्टी लावून आपलं बोट टोचलं आणि यंत्र दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवलं.

आकडा आलाच नाही. नुसती दोन अक्षरं आली.

"हे काय?" मी विचारलं. "बिघडलं?"

जाऊबाई त्या अक्षरांकडे बघत राहिल्या. "नाही बिघडलं," त्या हळू म्हणाल्या. "आपला काटा पण असंच करतो. गाडी त्याच्या ताकदीबाहेर भरलेली असली की आकडा देत नाही." यंत्र उलटं ठेवून म्हणाल्या, "मापाच्या वर गेलंय गं."

त्या नोकरीत त्यांनी दुपारी काटा कधी बंद केला नव्हता. त्या दिवशी केला, पाटापुढे साखळी लावली. मिशीवाला स्टेपनी लावून परत आला होता. मी त्याला सांगितलं, दवाखाना, ताबडतोब. बिचाऱ्याने एक शब्द न बोलता दार उघडलं. आणि आमच्या जाऊबाई, धड उभं राहवत नव्हतं तरी, गाडीत चढायच्या आधी मागे जाऊन स्टेपनीवर थाप मारून आल्या.

दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं, सलाइन लावलं. रक्तात विष चढायला लागलं होतं, आणखी उशीर झाला असता तर शुद्ध गेली असती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मी मळमळ, गोळी बंद, सगळं सांगितलं. त्यांनी दिवस गेलेत का तेही तपासलं. नव्हते गेले. ते ऐकून जाऊबाई उशीत तोंड घालून रडल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि त्या सुटकेने रडतायत की दुःखाने, हे मला कळलं नाही. मला स्वतःला मात्र सुटल्यासारखं वाटलं, ते मी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या. आता या ओरडणार, असं वाटून जाऊबाई ताठ झाल्या. पण त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमचं वजन चरबी जाऊन कमी झालं नाही. सुई नसली की खाल्लेलं अंगी लागत नाही, साखर लघवीतून वाहून जाते आणि शरीर स्वतःचं मांस जाळतं. काट्याला ते कळत नाही. तो फक्त आकडा दाखवतो. असं वजन घेऊन दिवस गेले असते तर आपण बाळ घालवून बसलो असतो, आणि कदाचित तुम्हालाही. माझंही चुकलं. मी तुम्हाला आकडा दिला आणि तिथे कसं पोचायचं ते नीट दिलं नाही."

जाऊबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, ड्रायव्हरकडे पाहतात तसं, खालून वर. मग विचारलं, "रक्त तपासताना मी बघू शकते का?"

"आतमध्ये येऊन बघा. नळीवर नावसुद्धा तुम्हीच लिहा."

तेव्हापासून त्या नळीवर स्वतः नाव लिहितात आणि यंत्रात जाईपर्यंत तिच्यावरून नजर काढत नाहीत. रक्त काढणारा माणूस आता त्यांना पाहिला की आधी खुर्ची आणून ठेवतो. घरी सुईचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा लांबला. सासूबाईंनी पहिल्या दिवशी तो ऐकला आणि काही न बोलता भात वाढायच्या थांबल्या, आवाज संपेपर्यंत.

काही महिन्यांनी आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. जाऊबाई काट्यावर चढल्या. पिठाची पिशवी होतीच, ती सवय काही जायची नाही. पण पूर्वी त्या वजनाला उभं राहायच्या आधी घड्याळ, बांगड्या, केसातल्या पिना, सगळं उतरवायच्या. त्या दिवशी काहीच काढलं नाही.

"वाढलंय हो," नर्स चुचकारत म्हणाली.

"माहितीये. लिही. खरं आहे ते."

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले. साखर जागेवर आली होती, महिनोन्‌महिने टिकली होती. "आता वजन," त्या म्हणाल्या. "सुई पूर्ण घेऊन. चालून, जेवण सांभाळून, हळूहळू. अजून थोडं थांबावं लागेल. थांबाल ना?"

मला वाटलं, आता वाद होणार. थांबा म्हणणाऱ्या माणसाचा त्यांना सगळ्यात जास्त संशय. पण त्या म्हणाल्या, "थांबते. पण पुढच्या वेळी काटा मी तपासणार."

घरी आल्यावर त्यांनी खाकी शर्ट माझ्या मशीनवर आणून टाकले. "अंगात बसत नाहीत आता. नवीन कापड लागेल ना? आत घेताना तू कापलं असशील."

"नाही कापलं," मी म्हटलं आणि शिवण उलटी करून दाखवली. सगळं कापड आत दुमडलेलं होतं.

"का नाही कापलंस?"

"मला संशय होता."

त्यांनी कापड बोटांत धरून मोजल्यासारखं पाहिलं. मग पहिल्यांदा हसल्या, मोठ्याने, सासूबाई बाहेरून डोकावल्या एवढ्या मोठ्याने.

"मग सगळी शिवण उसव," त्या म्हणाल्या. "आणि एका शर्टाला पोटाशी जास्तीचं कापड जोड. आत दुमडून ठेव, आत्ता लागणार नाही. पण असू दे."